नाव नसलेलं पुस्तक

“कोणी सांगितलं?” चष्मा कपाळावर चढवून सर एवढंच विचारायचे. प्रमेयाला हा प्रश्न शोभायचा. पण रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात कँटीनवाला चहा गरम आहे म्हणाला, तरी त्याची सुटका नसे.

सर गणिताचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा नवा मास्तर. कॅल्क्युलसवरचं त्यांचं पुस्तक थेट चिपळूणपर्यंत चालायचं. दुकानात मुलं पुस्तकाचं नव्हे, सरांचं नाव घेऊन मागायची. त्यांची सारी कमाई म्हणजे ते नाव.

आणि एका जूनमध्ये सर वर्गात येऊन म्हणाले, “माझं पुस्तक कोणी घेऊ नका.” सर शिकवतात कसं ते बघायला मी मागच्या बाकावर बसलो होतो, चक्क हादरलो. सायबर कॅफेत त्यांना एका परदेशी प्राध्यापकाचं पुस्तक सापडलं होतं. फुकट, आणि वर परवानगी : छापा, वाटा, हवं तर बदला. फुकटच्या पुस्तकापायी स्वतःच्या मुळावर उठलात, असं मी तोंडावर म्हणालो.

“ते चांगलं आहे रे,” सर म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगलं.”

असं म्हणणारा प्राध्यापक तुम्ही पाहिलाय? मी नव्हता पाहिला.

बदलायची परवानगी तर त्यांनी फारच मनावर घेतली. मूळ पुस्तकात बर्फ वितळायचा. सरांनी तिथे भरतीचं पाणी आणलं, आंब्याच्या पेट्या आणल्या. दरवर्षी नवी उदाहरणं, झेरॉक्सचा नवा गठ्ठा. वर मूळ लेखकाचं नाव ठळक, स्वतःचं कुठेच नाही. जुन्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती, घरातल्यासुद्धा, त्यांनी रद्दीत घातल्या.

निवृत्तीआधीच सर गेले. सकाळी तास घेतला, दुपारी नव्हते. मला कितीतरी दिवस ते खरंच वाटेना.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, “ह्यांचं नाव छापलेलं एक पुस्तक द्या हो भाऊजी. नातवाला दाखवीन.”

मी दुकानं पालथी घातली. एकही प्रत मिळेना. शेवटी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन गेलो. वहिनींनी पानं उलटून नाव शोधलं, कुठेच नव्हतं. माझी मान खाली गेली. काहीतरी करायचं म्हणून एक उदाहरण मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं : पावस गावात, कठडा पडलेल्या विहिरीवर, हिरव्या लुगड्यातली मुलगी घागर ओढते आहे, काठाशी येताना घागरीचा वेग किती?

वहिनींनी ते पान हातात घेतलं.

“ही माझ्या माहेरची विहीर,” त्या म्हणाल्या. “हे मला बघायला आले होते तेव्हा पाणी काढत होते मी. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, असं जन्मभर बोलत आले त्यांना.”