न उघडणाऱ्या दारापुढची खुर्ची

दारवाल्यांना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकाच हवेलीत आम्ही वर्षानुवर्षं नोकरी केली, पण मी खाली लोकांच्या पिशव्या सांभाळायचो आणि ते वर, जेवणाच्या दालनात असायचे. डबा खाताना शेजारी बसायचो. ते बोलायचे, मी मान हलवायचो. त्यांना भावंडं किती, हेही मला ठाऊक नाही. लिहिण्याची मला सवय नाही. पण त्यांच्या खुर्चीची गोष्ट हल्ली लोक भलतीच सांगतात, म्हणून म्हटलं, आपल्याला दिसली तेवढी लिहावी.

हवेली एका कापडाच्या व्यापाऱ्याने बांधली. पुढे वारसांना तिची डागडुजी झेपेना, तेव्हा तिचं संग्रहालय झालं. या व्यापाऱ्याला सगळं जोडीने लागायचं. दोन जिने, दोन कारंजी, दिवाणखान्यात समोरासमोर दोन आरसे. जेवणाच्या दालनाला एका बाजूला दोन दारं होती, पण समोर जागा एकाच दारापुरती. उरलेल्या भागात भिंतीमागे धुराडं. मग तिथे नुसतंच दार बसवलं. चौकट खरी, कोरीवकाम खरं, पितळी मूठ खरी, मागे मात्र भिंत. येणारा प्रत्येकजण ती मूठ ओढून बघायचा, म्हणून तिथे माणूस बसवला. तेच आमचे दारवाले.

"आजवर या दारातून एकही चोर आत आलेला नाही," असं ते नव्या माणसाला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

संग्रहालयाचं लोखंडी स्टूल त्यांच्या गुडघ्यांना मानवेना, म्हणून त्यांनी घरची लाकडी खुर्ची आणली. सासरे सुतार होते, त्यांनी केलेल्या जोडीतली ती एक. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अट घातली होती, "निवृत्त व्हाल तेव्हा आधी खुर्ची घरात येईल, मग तुम्ही."

निवृत्ती जवळ आली असताना दारवाले गुडघ्यांच्या इलाजासाठी रजेवर गेले. नेमक्या तेव्हाच नव्या अधिकारी मॅडमनी हवेलीतल्या वस्तूंना क्रमांक द्यायला घेतले. दारवाले परतले तर खुर्चीभोवती दोरी आणि पुढे पाटी: 'द्वारपालाचे आसन. मूळ मालकांच्या काळातील.'

"मॅडम, ही माझी खुर्ची आहे."

"इतकी वर्षं बसलात, तसं वाटणारच," मॅडम मायेने म्हणाल्या. "पण आता बसू नका हं."

"अहो, घरून आणली मी! हिच्या जोडीची अजून घरी आहे."

"मग आणून दाखवा."

मॅडम वाईट नव्हत्या. पण क्रमांक दिलेली वस्तू काढायची तर ती हरवली किंवा मोडली असं लिहावं लागतं, आणि दोन्हीची चौकशी होते. पुरावा हवाच होता.

दुसऱ्या दिवशी दारवाले दुसरी खुर्ची खांद्यावर घेऊन आले. मॅडमनी ती उलटी करून सांधे तपासले, पहिलीशेजारी ठेवली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जोडी! मालकांना सगळं जोडीनेच लागायचं! तुम्ही ही जपून ठेवलीत?"

संध्याकाळपर्यंत दुसरीलाही क्रमांक मिळाला, आणि चहाच्या वेळी सगळ्यांदेखत दारवाल्यांचे आभार मानले गेले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवत होते हो सगळे. मध्येच कसं बोलणार?"

"आणि घरी?"

"घरी काय सांगू? एक आणायला गेलो आणि दुसरी घालवून आलो. ती जेवायला वाढते, पण बोलत नाही."

दोनचार दिवसांनी वहिनीच आल्या. रीतसर तिकीट काढलं, पिशवी माझ्याकडे दिली आणि जिना चढल्या. त्यांचा चेहरा बघून मी काउंटर सोबत्यावर सोपवला आणि मागोमाग गेलो. वहिनींनी दोरीची कडी काढली आणि सरळ खुर्चीत बसल्या. दालनात माणसं होती. वस्तूंवर बसलेल्यांना उठवणं हे दारवाल्यांचं कामच.

"ताई, इथे बसायला मनाई आहे," ते नोकरीच्या आवाजात म्हणाले.

"ताई?" वहिनींनी चष्मा वर केला. "घरी या, मग सांगते कोण ताई."

"अगं, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या बाबांची खुर्ची आहे. तुम्हाला लाज वाटत असेल तर त्या दुसरीवर बसा."

दारवाले त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं, आता बसतात.

तेवढ्यात मॅडम आल्या. वहिनी न उठताच म्हणाल्या, "खुर्चीचा हा हात बघा. दात येत होते तेव्हा मी चावलेय इथे. आई सांगायची, बाबा पॉलिश करायचे आणि मी पुन्हा चावायची."

मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्या ओशाळल्या. त्यांच्या नोंदीत तिथे 'उंदराने कुरतडल्याच्या खुणा' असं होतं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "चौकशी होऊ दे, खुर्च्या मी परत मिळवून देते. वेळ लागेल. पाटी मात्र आजच बदलते. वडिलांचं नाव काय?"

वहिनींनी पूर्ण नाव सांगितलं. नवी पाटी लागेपर्यंत त्या थांबल्या. वर त्यांच्या वडिलांचं नाव, खाली 'सुतार. यांनी घडवलेल्या खुर्च्या.' एवढी मोठी हवेली, पण ते खोटं दार कोणी कोरलं हे कुठेच लिहिलेलं नाही. वहिनींनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, वर झुंबराकडे बघितलं.

"राहू देत इथेच," त्या म्हणाल्या.

"आणि आपण कशावर बसायचं?" दारवाल्यांनी विचारलं.

"प्लास्टिकच्या आणू. तुम्हाला काय, कशावरही झोप येते."

निवृत्तीच्या दिवशी दारवाले हात हलवत घरी गेले, आणि त्यांना घरात घेतलं गेलं. पुढे ते अधूनमधून खुर्च्या बघायला यायचे. दुसऱ्या कोणाला तिथे नेमलं नव्हतं, म्हणून लोक मूठ ओढताना दिसले की तेच ओरडायचे. शेवटचे आले तेव्हा पिशवी माझ्यापुढे ठेवली. ती न्यायला खाली उतरले तोवर माझी पाळी संपली होती, आणि नंतर ते वारल्याचंच कळलं.

"वर गर्दी आहे का हो?" पिशवी देताना त्यांनी विचारलं होतं.

"नाही, आज कमी आहे."

"बरं झालं. मग जरा निवांत बघतो."