पट्ट्यांचा कोट

रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांचे कोट शिवण्यात आत्याची बावीस वर्षं गेली. पाठीवर, दंडावर चमकत्या पट्ट्या असलेले जाड कोट. कारखान्यात सगळेच तिला आत्या म्हणायचे, पण सख्खी भाची एकच, भावाची मुलगी. ही भाची कॉम्प्युटर आणि बटणांच्या दोन खोक्यांवर संगीत करायची. घरात झकास वाजवायची. लोकांपुढे उभी राहिली की मान खाली, खांदे आत.

एकदा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी तिलाच विचारलं, "मुख्य कलाकार कधी येणार?" ती तोंड पाडून घरी आली.

"आत्या, मी आता घरीच वाजवणार."

"का, बोटं झडली?" आत्या म्हणाली. "तू लोकांना दिसत नाहीस, एवढंच ना? मग माझ्याकडे ये. माझा कोट घातलेला माणूस ट्रकवाल्याला लांबून दिसतो."

पहिला कोट तिने आठवड्यात शिवला. काळा, उंच कॉलरचा, तोंडावर प्लास्टिकचा पडदा. भाचीने हात पुढे केले तर काखेत कापड आवळलं, खोक्याच्या कडेपर्यंत बोटं पोचेनात. पडद्यावर वाफ धरली.

"छान आहे गं," ती आतून म्हणाली.

"छान असता तर तुला हलता आलं असतं." आत्याने काखेची शिवण तिथल्या तिथे उसवली.

मग दोन रविवार ती भाचीच्या खोलीत स्टूल टाकून बसली. संगीत तिच्या डोक्यावरून जायचं; गिरणी चालू आहे असंच वाटायचं. पण हात कुठे जातात ते ती टिपत राहिली. डावा हात सारखा लांबच्या कोपऱ्यात. जोरदार ठोका आला की उजवा खांदा उडतो, आणि हे पोरीला स्वतःलाच ठाऊक नाही. आत्याने काखेत जादा कापड घातलं, पट्ट्या मनगटापासून खांद्यापर्यंत नेल्या. पडदा काढून नाकाखाली काळं कापड दिलं, डोळे मोकळे. लाजऱ्या माणसाला लपायला थोडी जागा हवीच, असं तिचं म्हणणं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालमीला पट्ट्या राखाडी, मेल्यासारख्या दिसल्या. सगळे दिवे स्टेजच्या छताला.

"एक दिवा प्रेक्षकांच्या मागे लावा," आत्या लाइटवाल्याला म्हणाली.

"बाई, सगळं ठरलंय. आता काही हलणार नाही."

"ही पट्टी उजेड जिथून येतो तिथेच परत पाठवते. ट्रकचे दिवे काय आभाळात असतात?" तिने पिशवीतून टॉर्च काढला आणि सरळ त्याच्या कानाशी धरून स्टेजवरच्या भाचीवर रोखला. "आता बघा तिच्याकडे."

त्याने बघितलं. पट्ट्या लख्ख पांढऱ्या झाल्या होत्या. तो शिडी आणायला गेला.

संध्याकाळी हॉल भरला. पहिली काही मिनिटं भाचीची मान खालीच होती. मग जोरदार ठोका आला, खांदा उडाला आणि अंधारात पांढरी रेघ सळसळली. लोकांतून एकच गलका उठला. तिने दचकून वर बघितलं. पुढच्या ठोक्याला खांदा तिने मुद्दाम उडवला. त्यानंतर मान खाली गेलीच नाही. बाहेर पडताना लोक तिला "रेघ" म्हणत होते, आणि तेच नाव तिला चिकटलं.

स्टेजमागे भाची घामाने निथळत होती. "आत्या, पुढच्या वेळी पायांवरही पट्ट्या लाव. मी नाचणार आहे."

"आधी नाचून दाखव," आत्या म्हणाली. "मग माप घेते."