पट्टी रत्नाताईंची, पॉलिप माझा

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नाकातून बारीक कॅमेरा घालून त्यांनी माझ्या घशाचं चित्र घेतलं होतं.

"या व्होकल कॉर्ड्स, म्हणजे तुमचे स्वरतंतू. आणि डावीकडे हा पॉलिप." पॉलिप म्हणजे मऊ गाठीसारखी वाढ. तिच्यामुळे तंतू नीट जुळत नाहीत. आवाज घोगरा होतो, वरचे सूर लागत नाहीत.

"तुम्ही फार मोठ्याने बोलता का?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा विनय एकदम भिंतीवरच्या कानाच्या चित्राचा अभ्यास करू लागला.

खरं सांगते, कॅन्सरची भीती मला घरी आल्यावर वाटली. तिथे खुर्चीत पहिला विचार आला तो असा, की म्हणजे रत्नाताई बरोबर होत्या!

आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलची मराठी ख्रिस्ती मंडळी. महिन्यातून एका रविवारी दुपारी इथल्या एका अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये मराठी उपासना करतो. गाणं मी चालवते, पेटी रत्नाताई वाजवतात. नाताळच्या तालमीत माझा आवाज वर चढेना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही मुद्दाम वरची पट्टी धरता." त्या म्हणाल्या, "पट्टी तीच आहे, सुनंदा. तुझा आवाज खाली गेलाय."

झालं! तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मंडळीही दोन बाजूंना बसू लागली. पाळकांनी क्षमेवर प्रवचन दिलं, तेव्हा मी रत्नाताईंकडे पाहिलं, की ऐकतायत ना. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. आमचे नवरे मात्र शिकागोच्या ट्रेनमध्ये रोज शेजारी बसून जात होते, हे मला फार उशिरा कळलं.

ऑपरेशनचं नाव होतं मायक्रोलॅरिंगोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून दुर्बिणीखाली गाठ काढणं. सकाळी दवाखान्यात जायचं, संध्याकाळपर्यंत घरी यायचं. मात्र नंतर आठवडाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने तंतूंवर उलट जास्त ताण येतो. गाठ बायॉप्सीला जाणार होती, म्हणजे ती कॅन्सरची आहे का, हे तपासायला.

आदल्या संध्याकाळी विनय ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरला. घोटा सुजून टम्म. ड्राइव्ह करणं शक्य नव्हतं, आणि टॅक्सीने एकटीला घरी सोडायला दवाखाना तयार नव्हता. सोबत ओळखीचं माणूस हवं होतं. विनयने ट्रेनमधल्या मित्राला फोन केला. सकाळी दारात रत्नाताईंची व्हॅन उभी!

मी मागे वळून विनयकडे असं पाहिलं, की तो लंगडत का होईना, पण लगबगीने आत गेला.

वाटेत रत्नाताईंनी हीटरचं बटण तीनदा फिरवलं. आठवडाभर पुरेल एवढं बोलून घ्यायची माझी शेवटची संधी, आणि मी रस्त्याकडेचा बर्फ बघत होते. दवाखान्यात नर्सने रत्नाताईंना विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

मंडळीत आम्ही सगळ्या एकमेकींना बहीण म्हणतो. सवयीने, काही विचार न करता. रत्नाताईंना त्या दिवशी विचार करावा लागला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या.

मग ऑपरेशनआधी काढलेली माझी अंगठी आपल्या बोटात घातली, माझी पर्स मांडीवर घेतली आणि वेटिंग रूममध्ये बसून राहिल्या. मला भूल दिली. जाग आली तेव्हा घसा सोलल्यासारखा दुखत होता आणि समोर तीच पर्स, त्याच मांडीवर.

परत येताना त्या बोलल्या. "तुला आता उत्तर देता येत नाही, म्हणून बोलते. एरवी तू वाक्य पुरं करू देत नाहीस." मी तोंड उघडलं. "गप्प बैस, डॉक्टरांनी सांगितलंय."

सोलापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज असाच बसत गेला होता. घरच्यांनी सर्दी समजून सोडून दिलं. ती बहीण आता नाही. "नाताळच्या तालमीत तुझा आवाज ऐकून तीच आठवली गं. घाबरले की मी तोडून बोलते. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. चारचौघांत बोलले, ते चुकलंच माझं."

मी ऐकत राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं. माणसाचं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं, हे बहुधा पहिल्यांदाच घडलं माझ्या हातून.

दोन दिवसांनी त्या सूप घेऊन आल्या. मी पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझं चुकलं'. त्यांनी चष्मा आणला नव्हता.

"मासे शिजले?" त्यांनी वाचलं. "आज कुठले मासे? चिकनचं सूप आहे."

मी जोरजोरात मान हलवली.

"चिकन नको? अगं, मग आधी सांगायचं!"

तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. बायॉप्सीचा रिपोर्ट! रत्नाताईंनी उचलला. पलीकडची बाई म्हणे, पेशंटनेच नाव आणि जन्मतारीख सांगायला हवी. "पेशंटला बोलायला तुम्हीच बंदी केलीय!" रत्नाताई ओरडल्या. मी टाळ्या वाजवल्या, माझ्या असण्याचा पुरावा म्हणून. त्याने काही भागेना. शेवटी विनय जिन्यावरून एकेक पायरी बसत बसत खाली आला. रिपोर्ट ऐकायची परवानगी फक्त त्यालाच होती.

त्याने ऐकलं. डोळे पुसले. "बिनाइन," म्हणाला. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही.

रत्नाताई मटकन खाली बसल्या आणि माझ्यापेक्षा जास्त रडल्या. त्या बहिणीसाठीही रडत असाव्यात. मी बोर्ड बाजूला ठेवला. सगळ्यांसमोर केलेला आरोप सूप पिता पिता बोर्डावर मागे घेणं मला पटेना.

आठवड्याने डॉक्टरांनी थोडं थोडं बोलायची परवानगी दिली, एका वेळी पाच मिनिटं. रविवारच्या उपासनेत मी उभी राहिले. "पट्टी बरोबर होती," मी म्हटलं. "आवाज माझा गेला होता आणि दोष मी रत्नाताईंना दिला. सगळ्यांसमोर दिला, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. मला क्षमा करा." पुढे बरंच ठरवून आले होते.

"पुरे," पेटीमागून आवाज आला. "घसा सांभाळ. केली क्षमा. तूही मला कर."

तुमच्यापैकी कोणाचा आवाज दोन-तीन आठवडे बसलेला असेल, तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नका, ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच सुमारास कोणाशी बिनसलं असेल, तर तेही लांबवू नका. मी दोन्ही लांबवलं.

आमच्यात आता सगळं गोड आहे, असं मुळीच नाही. ईस्टरच्या तालमीत गाणं जलद घ्यायचं की संथ, यावरून पुन्हा वाजलं. फरक एवढाच, की या वेळी रत्नाताईंनी मला हाताला धरून हॉलच्या किचनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी कप धुतले, मी पुसले. सगळे कप होईपर्यंत आम्ही मनसोक्त भांडलो. मग एकत्र बाहेर आलो आणि गाणं संथ घेतलं.