दिल्लीची फौज दर वेळी माझ्याकडेच

आमच्या गटाने भेदभावाविरुद्ध आजवर जेवढी पत्रकं काढली, त्यातली निम्मी मी लिहिली आहेत आणि उरलेली निम्मी मी तपासली आहेत. त्यामुळे पुढचं लिहायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो. कुणाला पटत नसेल तर त्याने आपलं पत्रक काढावं.

श्रीरामपुरात सायकलींच्या दुकानावर आमची खोली आहे. आठवडाभर तिथे निवेदनं, घोषणा, मोर्च्याची तयारी. रविवारी दुपारी मात्र खेळ. गटातले सगळ्यांत मोठे, म्हणजे आमचे दादा, पुण्यात नोकरीला असताना पटावरच्या युद्धखेळांच्या नादाला लागले होते. इकडे परतल्यावर त्यांनी स्वतःच एक बनवला: चारशे वर्षांपूर्वीची नगरची निजामशाही. टेबलभर दख्खनचा नकाशा, पुठ्ठ्याच्या फौजा, फासे. एकाने नगरचा किल्ला राखायचा, बाकी तिघांनी तो घ्यायचा. उत्तरेकडून दिल्लीचे मुघल, दक्षिणेकडून विजापूर, घाटाखालून फिरंगी. ठरलेल्या फेऱ्या संपेपर्यंत किल्ला टिकला की नगर जिंकलं.

खेळ झकास आहे. तक्रार खेळाबद्दल नाहीच.

नगर कधी दादांकडे असायचं, कधी ताईंकडे, कधी वकिलाकडे. ताई राहात्याला शाळेत शिकवतात. वकील म्हणजे पुणतांब्याचा, अजून कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण भांडतो आत्तापासून. दिल्ली मात्र कायम माझ्याकडे. पहिल्याच रविवारी दादांनी हिरव्या पुठ्ठ्यांचा ढीग माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या भाईजान, तुमची फौज." सगळे हसले. मीही हसलो. सुलतान नगरला, सुलतान विजापूरला, पण हिरवा रंग फक्त एका फौजेला. असो. बेलापुरात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. दिल्ली मी पाहिलीय ती मोबाईलवर.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा मी पुठ्ठे परत सरकवले. "मला नगर पाहिजे."

"आरं पन तुला दिल्ली लई जमती," वकील म्हणाला.

"जमते, कारण दुसरं काही हातात दिलंच नाही तुम्ही."

दादांनी तो समजुतीचा सूर लावला, जो ते कलेक्टर कचेरीबाहेर पोलिसांशी बोलताना लावतात. "तसं काही नाही रे. इतिहासाच्या दृष्टीने बघ..."

"त्याच दृष्टीने बघतोय. नगरच्या पहिल्या सुलतानाचा आजा पाथरीचा कुलकर्णी होता म्हणतात. त्याचं राज्य राखायला तुम्ही तिघं, आणि बेलापूरचा मी आग्र्याहून आलेला?"

"द्या हो त्याला," ताई म्हणाल्या. "नाहीतर उद्या आपल्याविरुद्ध पत्रक काढेल."

मिळालं नगर. दिल्ली दादांनी घेतली. आणि खोटं कशाला सांगू, मला तो किल्ला राखायचाच होता. पुठ्ठ्याचा होता, मान्य. पण माझ्या जिल्ह्याचा होता, आणि तो माझ्या हातात द्यायला या लोकांना इतके रविवार लागले होते.

राखणं सोपं नव्हतं. फौज उत्तरेला नेली की ताईंचं विजापूर सीना ओलांडून यायचं. दक्षिणेला वळवली की दादांचे हिरवे पुठ्ठे गोदावरी ओलांडून नेवाशात. मध्येच वकील घाटाखालचं एखादं ठाणं गिळायचा आणि वर "आमी व्यापारी मानसं, तुमच्या भानगडीत न्हाई" म्हणायचा. अर्ध्या खेळात माझं कंबरडं मोडलं. तेव्हा मी नियमात होतं ते केलं. वऱ्हाड दिल्लीला देऊन तह केला. तह झाला की काही फेऱ्या दिल्ली गप्प बसते आणि उत्तरेची फौज मोकळी होते.

वऱ्हाडावरचा पुठ्ठा मी बोटाने दिल्लीकडे सरकवला मात्र, वकील टेबलावर थाप मारून ओरडला, "गेला! शेवटी दिल्लीलाच मिळाला बघा ह्यो!"

"रक्त बोलतं बाबा," दादा म्हणाले. आणि हसले. ताईसुद्धा हसल्या.

मागच्याच महिन्यात ताईंनी हाच तह केला होता. हेच वऱ्हाड, हाच नियम. तेव्हा दादा म्हणाले होते, "याला म्हणतात मुत्सद्देगिरी," आणि स्वतः उठून चहा टाकला होता.

पुठ्ठ्यावरचं बोट उचलेपर्यंत चाल मागे घेता येते. माझं बोट अजून खाली होतं. एक क्षण वाटलं, घ्यावी मागे. सगळी फौज उत्तरेला झोकून द्यावी आणि शहीद व्हावं. टाळ्या वाजवतील हे. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं रोज हेच करतात. समोरच्याला आपल्या इमानाची खात्री पटावी म्हणून धडधडीत चुकीची चाल खेळतात, आणि वर हरल्याचा ठपकाही सोसतात.

मी बोट उचललं.

"ताईंनी दिलं तेव्हा काय म्हणाला होतात, दादा?"

"गंमत होती रे. मनाला काय लावून घेतो?"

"मी गमतीचं नाही विचारलं. तेव्हाचं विचारलं."

दादांनी चष्मा पुसायला घेतला. "ते जरा वेगळं होतं."

"काय वेगळं?"

वकील नकाशाकडे बघायला लागला. शेवटी ताईच म्हणाल्या, "काही वेगळं नव्हतं. मी हसले ते चुकलंच. टाका फासे."

मोकळी झालेली फौज मी दक्षिणेला नेली आणि ताईंना सीनेपलीकडे ढकललं. त्यांनी चुकीची भरपाई म्हणून दयामाया केली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. घाटाखालचं सगळं गेलं, वऱ्हाड तर मीच दिलं होतं. तह संपल्यावर दादा पुन्हा चालून आले. फेऱ्या संपल्या तेव्हा माझ्याकडे एक किल्ला आणि त्यात दोन फाटके पुठ्ठे उरले होते. पण किल्ला होता.

"लई चिवट हाय गड्या," वकील म्हणाला.

दादा पुठ्ठे गोळा करू लागले. "छान. पुढच्या रविवारी मग आपापल्या मूळ बाजू."

"माझी मूळ बाजू बेलापूर आहे, दादा. चिठ्ठ्या टाका, आणि आत्ताच."

टाकल्या. मला विजापूर आलं, ताईंना फिरंगी, दादांना नगर. वकिलाने चिठ्ठी उलगडली आणि खुर्चीवरून उठला.

"ए, हे काय? मी कशाला मुघल? मी पुनतांब्याचा हाय! माझा काय संबंध?"

कुणीच हसलं नाही. मी हिरवे पुठ्ठे मोजून वकिलाच्या हातात दिले.