मॅग्डलीनची झोप

आमच्या शेजारची मॅग्डलीन बावीस वर्षं नर्स आहे. नाइट ड्यूटी करून ती सकाळी साडेआठला गावात, उमेळ्यात परतते, तेव्हा अर्धी आळी बीपी मोजून घ्यायला तिच्या ओट्यावर बसलेली असते. रिकाम्या हातानं कोणी येत नाही. केळफूल, शेवग्याच्या शेंगा, मूठभर सुकट असं काहीतरी असतंच, त्यामुळे तिला नाही म्हणता येत नाही. त्या रांगेत पहिली मी. माझं बीपी एकशेवीस-ऐंशी. तेवढं ऐकायला रोज जायची.

गेल्या महिन्यात माझ्या दंडाचा पट्टा सोडता सोडता ती म्हणाली, "वहिनी, परवा माझ्यासमोर एक आजी गेल्या. मला काहीच वाटलं नाही. चादर बदलली, चहा प्यायले. राजीनामा लिहून ठेवलाय. एक तारखेला देणार."

मी विचारलं, "आणि आज खालचं किती आलं?"

घरी आल्यावर लाज वाटली. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला लाज वाटली की ती कार्यक्रम ठेवते. महिला मंडळात मी नर्सच्या थकव्यावर व्याख्यान ठेवलं, मॅग्डलीनला पाहुणी म्हणून बसवलं. व्याख्यात्या बाईंना यायला उशीर झाला. तोवर तिनं एकोणीस जणींचं बीपी मोजलं. विसावं व्याख्यात्या बाईंचं.

दुसऱ्या दिवशी मी तिचं मशीन मागून आणलं. "तू झोप. मी मोजते."

"जमेल?"

"पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. त्यात काय आहे?"

ओट्यावरची गर्दी माझ्या अंगणात आली. पहिल्या दिवशी मी काळूरामकाकांच्या गुडघ्याची कहाणी अगदी सुरुवातीपासून ऐकली. चौथ्या दिवशी त्यांना म्हटलं, "काका, गुडघा राहू द्या, हात पुढे करा." सहाव्या दिवशी भागूबाई आल्या. "वयनी, आधी पानी दे, मग माप."

"भागूबाई, पाणी घरून पिऊन यायचं."

त्या उठल्या आणि आणलेलं केळफूल काखेत मारून परत निघाल्या. कुंपणापलीकडे कोणी तरी हसलं. मॅग्डलीन, केस मोकळे, डोळे झोपेनं सुजलेले.

"सहाच दिवस, वहिनी?"

"तू बावीस वर्षं कशी काढलीस गं?"

ती ओट्याच्या पायरीवर टेकली. "काल ड्यूटी संपताना एका आजोबांना डिस्चार्ज मिळाला. जाताना त्यांनी हात धरला, आणि मला रडू आलं. वॉर्डात सगळ्यांसमोर." केस गुंडाळत म्हणाली, "बरं वाटलं."

एक तारीख गेली. राजीनामा अजून तिच्या कपाटातच आहे. मशीन माझ्याकडे आहे, आणि भागूबाई पाणी पिऊन येतात.

माझं खालचं आज नव्वद आलं. सांगायला तिच्या दारापर्यंत गेले होते. ती झोपली होती. तशीच परत आले.