फाट्यावरची धूळ

लांबच्या उतारावर धूळ उठते का, एवढंच मी बघत होतो. स्पितीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत मित्रांबरोबर दिवसभराच्या मोटारसायकल फेरीला गेलो होतो. कच्च्या वाटेवर फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं, नाहीतर मागचा भलत्याच वाटेला लागतो, ही तिथली रीत. मित्रांनी मुद्दाम माझ्यामागे ठेवला होता माझा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली धंदा शिकून त्यानं माझ्यासमोर दुकान थाटलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

दोन्हीकडे कडे, सावलीला झुडूपही नाही. थांबण्यावरून घासाघीस करायची तरी कोणाशी? बोलणं तोडलं की सुटलो, असं मला वाटायचं. पण दुकानातही मी दिवसभर समोर त्याच्याच दुकानाच्या पायऱ्यांकडे बघत असतो.

धूळ उठली. तो आला, हेल्मेटची काच वर केली.

"दादा, थांबलास?"

"रीत आहे म्हणून. नाहीतर इथंही समोर दुकान टाकशील!"

तो हसला. मी नाही.

पुढच्या फाट्यावर मात्र रीत आठवायच्या आत मी गाडी बंद करून मागे बघत होतो.