चिपवरचा गोंद आणि दोघी बहिणी

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या वर्कशॉपमध्ये ताईंचं टेबल खिडकीजवळ होतं. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जुन्या चिप्सवरचा गोंद काढण्याचं. ऐकायला हे काम म्हणजे काहीच नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्या चिपवर लेबल चिकटवलेलं असतं, कुणी कापडी पट्टी, कुणी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. कागद केव्हाच गळून जातो, मागे उरतो तो काचेसारखा टणक झालेला तपकिरी थर. खरवडला तर ओरखडा पडतो. जोर लावला तर चिपचा एखादा पाय वाकतो, आणि हे पाय इतके नाजूक की दोनदा सरळ करून घेतात, तिसऱ्यांदा तुटतात.

अंगातल्या स्थिर विजेचा झटका चिपला बसू नये म्हणून ताई मनगटाला तारेचा पट्टा बांधून बसायच्या. हेअर ड्रायरची कोमट हवा, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाचा कातरलेला तुकडा, एवढीच त्यांची हत्यारं. मी शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करायचो. त्यांच्या टेबलाला हात लावायची माझी काय, आमच्या मास्तरांचीही छाती नव्हती. मास्तर म्हणजे मालकच, पण पूर्वी शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

ताईंची धाकटी बहीण एका हॉस्पिटलात मदतनीस होती. तिचा विभाग बंद पडला, तेव्हा ताईंनीच मास्तरांकडे तिच्यासाठी शब्द टाकला. तिला सगळे धाकटीच म्हणू लागले. पहिले दोन महिने ती कॅबिनेट उघडायची, स्क्रू वेगळे करायची, धूळ झटकायची. ताई तिला डबा उघडून द्यायच्या, मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात कामाच्या चार गोष्टी सांगायच्या. सगळं सुरळीत होतं.

मग पांढऱ्या सिरॅमिक चिप्सचा एक ट्रे आला. त्यांच्यावर कापडी पट्टीचा गोंद असा बसला होता की तीन दिवसांत ताईंच्या दोनच चिप्स झाल्या, आणि त्यातल्या एकीचा पाय वाकला. धाकटी जाता-येता बघत होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, मी एक करून पाहू का? ताईंनी हसून एक चिप दिली.

तिनं गोंदावर तेलाचा बोळा ठेवला आणि चिप दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवली. सकाळी अंगठ्यानं कडेकडेनं गोंद लाटत गेली. थर वळकटी होऊन निघाला. मग स्पिरिटनं तेल पुसलं. चिप दुधासारखी पांढरी. मास्तरांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, हा हात कुठे शिकलात? ती म्हणाली, म्हाताऱ्या पेशंटांच्या हातावरच्या चिकटपट्ट्या काढून. त्यांची कातडी याहून पातळ असते.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे धाकटीच्या टेबलावर गेला.

त्या दिवसापासून ताईंचं लक्ष स्वतःच्या हातात राहिलं नाही. धाकटीनं किती चिप्स केल्या, मास्तर तिच्याकडे कितीदा थांबले, तिच्या कुठल्या बोलण्यावर हसले, सगळं त्यांना न बघता कळायचं. तेलाचा वास डोक्यात जातो म्हणून त्यांनी खिडकी उघडी ठेवायला लावली. चहाला वेगळ्या वेळी उठू लागल्या. मी एकदा भाबडेपणानं म्हणालो, तुमच्या बहिणीचा हात सुरेख आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हातातलं सोल्डर थिजावं.

हे दुखणं जुनं होतं. त्यांनीच मला पुढे सांगितलं. त्यांची आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळलेली होती. ताई रजा घेऊन बसायच्या, औषधं आणायच्या, उशाशी जागायच्या. पण सलाईनच्या सुईवरची पट्टी बदलायची वेळ आली की आई म्हणायची, तू नको, धाकटीला बोलव. ताई दारात उभ्या राहून बघायच्या. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

त्यातच एका संग्रहालयाचं काम आलं. त्यांच्या सगळ्यात जुन्या मशीनची मुख्य चिप. तिच्यावर काळ्या शाईत छापलेला क्रमांक, आणि क्रमांकाच्या अर्ध्या भागावर गोंद. मास्तरांनी ती धाकटीला दिली. तेलानं बराचसा गोंद निघाला, शेवटचा पातळ थर मात्र हलेना. फडताळात अॅसिटोनची बाटली होती. धाकटी ताईंजवळ आली. "ताई, याला ते अॅसिटोन चालेल का गं?"

अॅसिटोन गोंदाबरोबर शाईही खातं, हे ताईंना बावीस वर्षांपासून ठाऊक होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? आता जाणकार तू."

धाकटीनं एकदा ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे गेली. एकदाच कापूस फिरवला. गोंद निघाला, आणि कापसावर काळा डागही आला. चिपवर नुसती राखाडी सावली उरली.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंगाखाली चिप उलटसुलट करून ते म्हणाले, चालेल ही, पण ही तीच आहे हे आता कोण मानणार? धाकटीनं चूक माझी एवढंच म्हटलं. ताईंना विचारलं होतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. मी ऐकलं होतं, पण बहिणीबहिणींच्या मध्ये पडायचा धीर मला झाला नाही. धाकटी पुन्हा स्क्रूंकडे गेली आणि ट्रे ताईंकडे परत आला.

दोन दिवस ताईंनी काम केलं. तिसऱ्या दिवशी हेअर ड्रायर बंद करून त्या मास्तरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून आल्या. "मोठं मन वगैरे काही नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "ती गप्प राहिली म्हणून पुन्हा तीच चांगली ठरत होती. तेही मला बघवेना."

मास्तरांनी त्यांना महिनाभर सिरॅमिकला हात लावायचा नाही असं बजावलं आणि ट्रे पुन्हा धाकटीकडे दिला. संग्रहालयाला खरं काय ते कळवलं. काम हातात घेताना काढलेला चिपचा फोटो मास्तरांकडे होता. त्यात निम्मा क्रमांक दिसत होता. संग्रहालयानं कुरकुरत चिप घेतली आणि तो फोटो शेजारी लावला.

धाकटी मात्र चिडली. तिला चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत ती ताईंसमोर येऊन बसली.

"मला तेव्हाच समजलं होतं, ताई. तुझा चेहरा मी जन्मापासून वाचतेय. पण मला वाटलं, माझा हात बाटलीपर्यंत गेला की तू थांब म्हणशील."

ताईंनी भलतंच विचारलं, "आई मला पट्टी का बदलू देत नव्हती?"

धाकटी बघतच राहिली. "तुझे हात गार असायचे म्हणून. दचकायची ती. दुसरं काय असणार?"

ताई उठून हात धुवायला गेल्या, त्या बऱ्याच वेळानं परतल्या.

त्यानंतर पाच-सहा आठवडे दोघी कामापुरतं बोलत होत्या. मग एकदा ताईच तेलाचा बोळा घेऊन धाकटीकडे गेल्या आणि अंगठा कसा धरायचा ते विचारलं. शिकायला त्यांना जड गेलं. चिपमुळे नाही, शिकवणारीमुळे. आता दोघी समोरासमोर बसतात. धाकटीचा हात अजूनही सरस आहे आणि ताईंना ते अजूनही सोसत नाही. फरक एवढाच की त्या आता बोलून टाकतात. एखाद्या सकाळी पट्टा बांधता बांधता म्हणतात, आज मला तुझा फार राग येतोय. धाकटी बरं म्हणते, आपला ट्रे उचलून माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर येते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच काम करते.